पत्ता बेयाकडे आहे

माहदिया
मंगळवार, ८ ऑक्टोबर

ओल्फा,

वर काय लिहावं यातच पाव तास गेला. 'लाडक्या लेकीस' लिहिलं असतं तर तू तिथंच कागद खाली ठेवला असतास. म्हणून नुसतं नाव.

मी घराला कुलूप लावून निघालेय. बेयामावशीबरोबर. पाठीवर सॅक टाकून, ती परदेशी पोरं हिंडतात ना, तशी. समुद्राच्या कडेकडेनं खाली जायचं, केरकेना, जेर्बा, मग आत वळून वाळवंटातली गावं, दूझ, तोझर, आणि पाय चालले तर नेफ्ता.

हे खूळ आजचं नाही. आम्ही सतरा वर्षांच्या असताना दोन परदेशी मुली आमच्या गल्लीत पाणी प्यायला थांबल्या होत्या. पाठीवर हे एवढं ओझं, उन्हानं नाकाची सालटं निघालेली, आणि निघाल्या होत्या वाळवंटात. बेया त्यांच्या मागं ऑलिव्हच्या बागांपर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "मोंजिया, आपण पण जायचं." मग माझं लग्न झालं, टपाल कचेरीत नोकरी लागली, तू झालीस. बेयानं लग्न केलं नाही, केस कापायचं दुकान काढलं. पण दर उन्हाळ्यात 'यंदा जायचं' असं म्हणायचो. चव्वेचाळीस वर्षं म्हणालो. मागच्या वर्षी मी निवृत्त झाले, या वर्षी बेयानं दुकान भाचीला दिलं, आणि एक दिवस ती जुन्या कपड्यांच्या बाजारातून दोन सॅका घेऊन दारात उभी राहिली. तिच्या सॅकवर शाईनं कुणा इंग्रिडचं नाव आहे. तेव्हापासून ती स्वतःला इंग्रिड म्हणवते.

तुझा मुन्सिफमामा आम्हाला सोडायला आला होता. म्हणाला, "या वयात बायका हजला जातात. ह्या निघाल्यात दप्तरं घेऊन!"

बेया म्हणाली, "हजलाही जाऊ हो. आधी पायांना सवय तर होऊ दे."

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. जर्मनी, एवढंच माहीत. चौतीस वर्षं मी टपालाच्या खिडकीत बसले, पत्ता नसलेल्या पत्राचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको. तरी लिहितेय. पत्ता मिळेल कुठून तरी.

आणि हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढं काढायला नको. त्या हरवलेल्या कागदावरून तू सहा वर्षं मनात धरून बसली आहेस. कागद हरवतात, ओल्फा. तुझे बाबा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरात कोण शुद्धीवर होतं? मी दाराशी सही करून घेतला, टेबलावर ठेवला, गच्चीचं दार उघडं होतं, वारा होता. याहून जास्त मला काही ठाऊक नाही.

बेया हाका मारतेय. गाडीत दोन माणसं कमी आहेत, ती आम्हीच.

आई


केरकेना
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ओल्फा,

स्फाक्सहून बोटीनं बेटावर आलो. बोटीवर बेयानं पहिल्या दहा मिनिटांत एका बाईशी मैत्री केली, पुढच्या दहा मिनिटांत तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकली, आणि उतरताना आमच्या राहायच्या जागेची सोय झालेली होती. ती बाई म्हणजेच आमची घरमालकीण. बदल्यात बेयानं तिचे केस कापून द्यायचे. कात्री बरोबर आणलीय हे मला स्फाक्सपर्यंत माहीतच नव्हतं.

इथं ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोपसचा महिना. कपड्यांच्या दोरीवर एका बाजूला पायजमे, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपस वाळत घातलेले. म्हातारा मालक मातीची गाडगी दोरीला बांधून समुद्रात सोडतो. जनावर आपण होऊन आत शिरून बसतं. "त्याला वाटतं घर मिळालं," म्हणाला. बेया म्हणाली, "म्हणूनच मी लग्न केलं नाही." म्हातारा इतका हसला की त्याची टोपी पाण्यात पडली.

तीही हसली, मीही हसले. पण मला तिच्यासारखं जमत नाही. ती बोलते तेव्हा माणसं तिच्याकडे वळतात. मी बोलले की उत्तर देतात आणि आपापल्या कामाला लागतात. खिडकीत बसून बसून माझं बोलणंच तसं झालंय: नाव, गाव, इथं सही करा.

पाय दुखतात. माझी सॅक बेया मागून उचलून धरते तेव्हाच पाठीवर चढते.

आज दुपारी बेया फोन घेऊन किनाऱ्यावर गेली. ती दर शुक्रवारी असंच करते, कितीतरी वर्षं. दुकानात असली तरी मागच्या खोलीत जायची. कोण आहे विचारलं की म्हणते, "माझा नवरा." मी खिडकीतून बघत होते. तास-दीड तास बोलत होती, हातवारे करत, मध्येच खाली बसून वाळूवर काहीतरी काढत. मला वाटलं, एवढं बोलायला हिला कोण आहे? एकसष्टाव्या वर्षी कुणी प्रियकर असेल तर तसं सांगावं ना. मी काय गावभर करणार आहे?

संध्याकाळी मासा घातलेला कुसकुस होता. तू लहानपणी काटा लागतो म्हणून बाबांच्या ताटात तुझा मासा ठेवायचीस. मी ते घरमालकिणीला सांगितलं. ती म्हणाली, "कुठं असते लेक?" मी म्हणाले, जर्मनीत, नर्स आहे. आणि मग खूप काही सांगत गेले. तुझं घर कसं आहे, तिथं थंडी किती, तू मला फोनवर काय काय सांगतेस. बेया ताटात बघत जेवत होती.

आई


जेर्बा, हूमत सूक
बुधवार, १६ ऑक्टोबर

ओल्फा,

आज मी दिवसभर एकटी होते.

बेयाची कुणी चुलतबहीण मिदूनला असते, बेटाच्या पलीकडच्या अंगाला. आजवर कधी तिचं नाव काढलं नव्हतं. सकाळी निळा झगा घालून, केस धुऊन, अत्तर लावून तयार. मी म्हणाले, "मीही येते, मला तरी काय काम आहे?" तर म्हणाली, "नको गं. ती बाई कटकटी आहे, तुला कंटाळा येईल." काल बाजारात तिला त्या बहिणीच्या नातवासाठी काहीतरी घ्यायचं होतं. तिला निवडता येईना, म्हणून मीच निवडलं. कापडाचा उंट, लोकरीची शेपटी, पाठीवर लाल खोगीर. दुकानदार पिवळा दाखवत होता, मी म्हणाले लालच द्या, लहान पोरांना लाल दिसतो.

ती गेल्यावर मी बंदरावर जाऊन बसले. मातीच्या गाडग्यांच्या राशी पडल्या होत्या, त्यांच्या सावलीला. पातळ पोळीत अंडं घालून तळलेली ब्रिक घेतली. ती एकट्यानं खायचा पदार्थ नाही. पिवळा बलक हनुवटीवरून ओघळतो, समोरच्यानं हसायचं असतं. माझ्यासमोर मांजर होतं.

एका जोडप्यानं फोटो काढायला सांगितला. काढून दिला. बाई म्हणाली, "तुमचाही काढू का?" मी सॅककडे बोट दाखवून म्हणाले, मैत्रीण येतेय एवढ्यात. ती यायला अजून सहा तास होते.

आम्ही एका जुन्या सराईत उतरलोय. मध्ये मोठं अंगण, भोवतीनं खोल्या, पूर्वी उंटांचे तांडे उतरायचे. तिथला राखणदार, अय्याद नाव, दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. बिनदाताचा, गप्पिष्ट.

"हाज्जा, माणसं कुठं आहेत तुमची?" हज न करताच मी हाज्जा झाले.

"मैत्रीण गेलीय बहिणीकडे."

"मैत्रीण नव्हे हो. माणसं."

मी म्हणाले, मालक गेले. मुलगी आहे एक, येते अधूनमधून.

"येते ना? मग झालं तर," म्हणाला आणि माझ्यासाठी पुदिन्याचा चहा घेऊन आला.

बेया अंधार पडायच्या आधी परतली.  नाकाचा शेंडा उन्हानं लाल. झग्याला समोर कसलेतरी चिकट डाग. म्हणाली, नातू मांडीवरून उतरायलाच तयार नव्हता. "उंट आवडला का?" मी विचारलं. तर माझा हात धरून बसली. मी म्हणाले, "भांडलीस का बहिणीशी?" म्हणाली, "हो. तसंच काहीतरी."

उद्या बेट सोडायचं. मग वाळवंट.

आई


दूझ
सोमवार, २१ ऑक्टोबर

तू जेर्बाला होतीस.

मी हे काल दुपारपासून मनात म्हणतेय आणि आता लिहून बघितलं. तू जेर्बाला होतीस. मी बंदरावर मांजरासमोर ब्रिक खात होते आणि तू अर्ध्या तासाच्या वाटेवर होतीस.

कसं कळलं ते सांगते. आम्ही इथं मबरूका नावाच्या बाईकडे उतरलोय. विधवा, माझ्याच वयाची, मोठ्या आवाजाची, तिला सगळं विचारायचं असतं. अंगणात बेया तिचे केस कापत होती, मी कांदे चिरत बसले होते.

मबरूका म्हणाली, "तुला मुलंबाळं किती?"

"एक मुलगी. जर्मनीत असते."

"येते का?"

"सवड होत नाही गं तिला. पण या देशात पाय ठेवला ना, की पहिली माझ्याच दारात उभी राहील. तशीच आहे ती पहिल्यापासून."

कात्री थांबली. मबरूका ओरडली, "अगं, कान कापतेस की काय!"

बेया म्हणाली, "मोंजिया, असं सांगत जाऊ नकोस लोकांना."

"कसं?"

"असं. खरं नाही ते."

मी म्हणाले, "माझी मुलगी, मला माहीत की तुला?"

बेयानं कात्री खाली ठेवली. "ती येऊन गेली. आठ दिवस होती. मिदूनजवळ हॉटेलात."

मबरूका अर्ध्या कापलेल्या केसांनी उठली आणि "चहा टाकते" म्हणत आत पळाली. अंगणात आम्ही दोघीच राहिलो. मला आधी काही कळेचना. मी वेड्यासारखं विचारलं, "मग तुझी चुलतबहीण?"

"मला चुलतबहीण नाही. तुला माहीत आहे."

"आणि उंट?"

"त्याच्यासाठीच. दोन वर्षांचा आहे. इलियास."

"कुणाचा?"

"कुणाचा काय, मोंजिया! तुझा नातू."

कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांतून पाणी कशामुळे येतंय हे कुणाला सांगावं लागत नाही. दर शुक्रवारचा 'नवरा' म्हणजे तू. सहा वर्षं. तुझं लग्न, तुझा तो सीरियातला नवरा, औषधांच्या दुकानातली त्याची नोकरी, तुझं बाळंतपण, पोराला उशिरा फुटलेले दात. सगळं माझ्या गल्लीत, माझ्या घरापासून चार दारं पलीकडे, केस कापायच्या दुकानाच्या मागच्या खोलीत माहीत होतं.

मी विचारलं, "मला भेटायचं नव्हतं तिला?"

बेया म्हणाली, "मी विचारलं. एकदा नाही, तीनदा. म्हणाले, तुझी आई इथंच आहे, हूमत सूकला, मी घेऊन येते."

"मग?"

"तिनं एकच विचारलं. आई अजून म्हणते का, की कागद हरवला?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो म्हणते. कारण हरवलाच होता. तर म्हणाली, मग नको."

यानंतर मी बेयाला काही बोलले. काय ते इथं लिहीत नाही. मबरूका चहाचं तबक घेऊन आली तेव्हा बेया भिंतीकडे तोंड करून उभी होती.

काल आम्ही एका खोलीत पाठीला पाठ लावून झोपलो. आज मी पहाटे उठून सॅक भरली. ती जागी होती. "कुठं निघालीस?" म्हणाली. मी सॅक ओढत बाहेर पडले. गाडी मिळेपर्यंत इथं चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून हे लिहितेय. वारा सुटलाय, कागदावर वाळू येतेय, म्हणून अक्षर असं.


तोझर
बुधवार, २३ ऑक्टोबर

ओल्फा,

सॅक एकट्यानं पाठीवर घेता येत नाही. आधी जमिनीवर बसावं लागतं, पट्ट्यांत हात घालावे लागतात, मग गुडघ्यावर यावं लागतं आणि कशाला तरी धरून उठावं लागतं. दूझच्या गाडीतळावर मी हे केलं तेव्हा गाडीवाला म्हणाला, "मावशी, हात देऊ का?" मी नको म्हणाले. तीनदा पडले, मग त्यानं न विचारताच हात दिला.

मिठाच्या मोठ्या सपाटीतून रस्ता येतो. दोन्हीकडे पांढरं, लांबवर पाणी असल्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की नसतं. शेजारची बाई सगळी वाट फोनवर सुनेला रागे भरत होती. मला तिचा हेवा वाटला.

इथं खजुराची तोडणी चालू आहे. मी एका व्यापाऱ्याच्या गोदामावरची खोली घेतलीय. दिवसभर खाली पेट्या ठोकतात, गाणी म्हणतात. दुपारी सगळे एकाच परातीतून जेवतात. मला त्यांनी दोनदा बोलावलं. मी सांगितलं, पोट बरं नाही.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. असं माझ्या घरी रोजच असतं, पण तिथं भिंती ओळखीच्या आहेत.

बेयाला काय बोलले ते आता लिहिते. मी म्हणाले, "तुला स्वतःचं मूल नाही, म्हणून माझं चोरलंस." पंचेचाळीस वर्षांची मैत्रीण, ओल्फा. तुझ्या बाबांच्या शेवटच्या आजारपणात सत्तावीस रात्री माझ्याबरोबर जागलेली. तिला मी हे बोलले.

आता दुसरं.

तो कागद हरवला नाही.

मार्चमधला गुरुवार होता. टपालाची थैली मी उघडली आणि त्यात तुझ्या नावाचं नोंदणीचं पाकीट होतं, जर्मन शिक्क्याचं. दाराशी कुणी आणून दिलं नाही, माझ्याच खिडकीत आलं. मीच नोंद केली, मीच तुझ्याऐवजी सही केली. पाकीट फोडलं. त्याआधी दुसऱ्याचं पाकीट मी कधी फोडलं नव्हतं. जर्मन मला येत नाही, पण तारीख कुठल्याही भाषेत वाचता येते. एक मे. एक मेला तू तिथल्या इस्पितळात कामावर हजर व्हायचं होतं.

दोन दिवस ते माझ्या उशीखाली होतं. शनिवारी तू कामावरून यायच्या आधी मी अंगणातली शेगडी पेटवली आणि ते कोळशावर ठेवलं. जाड कागद होता, लवकर पेटेना. मी फुंकर घातली. मग त्याच निखाऱ्यांवर चहा ठेवला. तू आलीस, बूट काढलेस, पायरीवर बसलीस आणि म्हणालीस, "आई, आज चहा छान झालाय." मी तुला दुसरा कप दिला.

तू रोज विचारायचीस, "काही आलं का गं?" मी म्हणायचे, नाही. मे गेला, जून गेला. तू त्यांना लिहिलंस, त्यांनी सही केलेल्या पावतीची नक्कल पाठवली. सही माझी. तेव्हा टेबलाची, गच्चीच्या दाराची आणि वाऱ्याची गोष्ट मी उभ्या उभ्या तयार केली. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला तेव्हाच कळलं होतं, मला माहीत आहे. तू फक्त मी कबूल करायची वाट बघत होतीस. पुढच्या जागेसाठी पुन्हा परीक्षा, पुन्हा वर्ष, आणि सगळा वेळ माझ्याच हातचं जेवत होतीस. गेलीस त्या दिवशी दाराशी पुन्हा विचारलंस. मी पुन्हा वाराच सांगितला.

का केलं, ते मी सांगू शकते. घर रिकामं होईल याची भीती वाटली. बाबा गेले होते, तू गेलीस तर मी कुणाला हाक मारणार, असं वाटलं. पण हे कारण मी जितक्यांदा मनात म्हणते तितकं ते लहान होत जातं. तुझं आयुष्य माझ्या हातात आलं होतं आणि मी ते जाळलं, असं म्हटलं तर बरोबर होईल.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बेयालाही नाही.


तोझर
शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ओल्फा,

काल मी बेयाला फोन केला. वाजायच्या आधीच उचलल्यासारखा उचलला.

मी म्हणाले, "मी बोलले ते चुकलं."

"हो, चुकलं. कुठं आहेस?"

"तोझर."

"जेवलीस?"

"नाही."

"बस तिथंच. येते."

संध्याकाळी आली. मबरूकानं बांधून दिलेली भाकरी काढली, आत कांदा आणि मिरची भरलेली, आणि माझ्यासमोर ठेवली. "आधी खा, मग रड." मी खाल्लं. रडले नाही. तिला शेगडीची गोष्ट सांगितली, तुला लिहिली तशीच, काही न गाळता.

मला वाटलं होतं, तिला आतून माहीत असणार. नव्हतं. तिनं भाकरीचं फडकं झटकलं, घडी घातली. मग म्हणाली, "मी सहा वर्षं तिला सांगत आलेय. दर शुक्रवारी. तुझी आई भांडकुदळ असेल, हट्टी असेल, पण असं करणारी नाही. परवा मिदूनलाही सांगितलं. पोर मांडीवर घेऊन, शपथ घेऊन सांगितलं, मोंजिया."

मी सांडलेले भाकरीचे तुकडे वेचत राहिले.

"मला खोटं पाडलंस तू. माझ्याच तोंडून."

ती उठून खाली गेली. मला वाटलं, आता ही रात्रीच्या गाडीनं परत जाणार. तिची सॅक खोलीत होती, तरी वाटलं. खाली पेट्या ठोकणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली आणि कुणाशी न बोलता खजूर निवडत राहिली. बेया आणि न बोलता! वर आली तेव्हा बोटं चिकट झालेली. म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे. उद्या मी तिला फोन करणार. तू काय करणार?"

मी म्हणाले, पत्रं लिहिलीत, पाच. पत्ता दे, टाकते.

"पत्ता देणार नाही. तिला शब्द दिलाय."

"मग तू पाठव."

"विचारून. तिनं हो म्हटलं तर."

आज दुपारी ती खजुरीच्या बागेकडच्या कठड्यावर फोन घेऊन बसली. मला म्हणाली, "बस शेजारी, आवाज ऐकू येईल तिचा." मी बसले नाही. तू मला ऐकू दिलेला नाहीस तो आवाज मी चोरून कसा ऐकू? एक चोरी पुरे झाली. मी रस्ता ओलांडून पलीकडे एका भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. मध्ये गाढवांच्या गाड्या, पेट्या भरलेले टेंपो जात होते. टेंपो आला की बेया दिसेनाशी व्हायची आणि मी उगाच मान वर करायचे.

पहिल्यांदा ती बराच वेळ एकटीच बोलत होती. शेगडीचं सांगत असावी, कारण तिनं हात खाली नेऊन वर आणला. मग खूप वेळ ऐकत होती. डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर घेतला, पुन्हा बांधला. एकदा डोळे पुसले.

परत आली आणि म्हणाली, "पाठव म्हणाली."

मी विचारलं, "वाचीन म्हणाली?"

"तसं नाही म्हणाली. पाठव म्हणाली."

तर पाठवतेय. सहाही एका पाकिटात. पहिली तीन फाडून टाकावीशी वाटली होती. केरकेनाला केलेलं तुझ्या घराचं खोटं वर्णन, तो वारा, ते 'येते अधूनमधून'. काल रात्री हातात घेऊन बसले होते. पण मग तुला फक्त शहाणी झालेली आई मिळाली असती, आणि तशी मी अजून झालेली नाही. म्हणून जशीच्या तशी.

पाकिटावर पत्ता बेया लिहील. मी तोंड फिरवून उभी राहणार आहे, तसं कबूल केलंय. तिचं अक्षर वाईट आहे, पण इथली खिडकीतली मुलगी नीट वाचणारी दिसते, मी सकाळी जाऊन बघून आले.

तुझ्याकडून मला काही नको, असं लिहिणार होते. ते खोटं होईल. पण मागत नाही. इलियासला उंट कुणी निवडला हे सांगितलं नाहीस तरी चालेल.

बेया अजून माझ्याशी धड बोलत नाही. कामापुरतं बोलते. मघाशी नेफ्ताच्या गाडीची चौकशी करून आली आणि म्हणाली, "दोन जागा सांगितल्यात. माझ्यासाठी नाही, इंग्रिडला जायचंय म्हणून." सॅक मात्र तिनंच मागून उचलून धरली.

एक राहिलं. तुझ्याशी बोलताना, अगदी शेवटी, बेया हसली. मोठ्यानं नाही, पण खांदे हललेले मला रस्त्यापलीकडून दिसले. तू काय म्हणालीस, की त्या पोरानं मध्येच काही केलं, मला ठाऊक नाही. मी तिला विचारलं नाही.

आई